पाळीतला ओमान

आखातात गेलेली गोव्याची माणसं परत येताना सोन्याची साखळी आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, वाघाचं चित्र असलेलं जाडजूड ब्लँकेट आणतात; पण आख्खा देश उचलून घरी घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कस्टमवाल्यांना त्यांच्या ट्रंकेत काही सापडलं नाही, कारण मामांनी तो देश ट्रंकेत भरलाच नव्हता. तो त्यांच्या जिभेवर होता, बसण्याउठण्यात होता, पाहुण्याला 'या' म्हणण्यात होता. डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात, खाणीच्या लाल धुळीने माखलेल्या रस्त्याच्या कडेला, तुळशीवृंदावनासमोरच्या सोप्यावर त्यांनी तो मांडला होता. तिकिटाशिवाय, पासपोर्टाशिवाय कुणीही यावं आणि ओमान पाहून जावं. फक्त जायची घाई करू नये, कारण त्या देशात यायला सोपं होतं आणि निघायला फार कठीण.

गोवा मुक्त झाला तेव्हा मामा विशीत होते. पुढे खाणींचा धंदा वाढला तसे ते सुर्लाला खनिजाचा ट्रक चालवू लागले. चांगला धीमा, घाटात ब्रेकला विश्रांती देणारा ड्रायव्हर असं त्यांचं नाव होतं. मग एके वर्षी आखाताची लाट आली आणि तिच्याबरोबर मामाही गेले. ओमानमध्ये, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात त्यांना पाण्याचा टँकर चालवायचं काम मिळालं. टँकरचा मालक एक म्हातारा बागाईतदार होता. खजुराची बाग, दाढी पांढरी, कमरेला वाकडी कट्यार. मामांना त्याने बागेतच एक खोली दिली आणि रोज संध्याकाळी आपल्या चटईवर जागा दिली. मामा त्याला नेहमी 'आमचो म्हातारो' म्हणत, आणि ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, सख्ख्या बापाबद्दल बोलताहेत. बारा महिने टँकर हाकायचा, संध्याकाळी म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकायच्या आणि एक वर्षाआड गणपतीच्या चवथीला घरी यायचं, असं मामांचं तरुणपण गेलं. इकडे मामींनी एकटीने घर सांभाळलं, मुलीला वाढवलं, तिचं लग्न करून तिला वाळपईला पाठवलं. त्या लग्नालाही मामा मांडव घालून झाल्यावर पोचले आणि अक्षता संपल्यावर दहाच दिवसांत परत गेले.

मी या घराचा जावई झालो त्याच सुमाराला मामा परत आले. आम्ही सगळे म्हणायचो, कायमचे आले. मामा म्हणायचे, "सध्या आलां." हा 'सध्या' घरात पाटावर बसवलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून होता. मामा राहणार की परत जाणार, एवढाच काय तो त्या घरातला प्रश्न, आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नसे. मामी तर मुळीच नाही. त्याचं कारण त्यांनी एकदा विहिरीवर माझ्या बायकोला सांगितलं होतं. "म्हजो घोव म्हजेच घरांत सोयरो," मामी म्हणाल्या होत्या. "आनी सोयऱ्याक 'केन्ना वतलो' म्हूण विचारूं नये, अशें ताच्याच अरबांचें शास्त्र. मागीर हांव कशी विचारूं?"

हे शास्त्र मामांनी गावाला पहिल्या महिन्यातच शिकवून टाकलं होतं. पाहुणा आला तर तीन दिवस त्याला 'का आलात' विचारायचं नाही, आणि 'कधी जाणार' तर कधीच विचारायचं नाही. एकदा सिंधुदुर्गातून, दोडामार्गच्या बाजूने, एक तरुण ट्रकवर काम शोधत आला. बसमधून उतरला, उन्हाने तापलेला, सोप्यावर मामा दिसले म्हणून त्याने पाणी मागितलं. मामांनी पाणी दिलं, खजूर दिला, जेवायला वाढलं, झोपायला चटई दिली. तो संकोचाने काही बोलेना, मामा शास्त्राप्रमाणे काही विचारेनात. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मामांनी अतिशय अदबीने त्याच्या येण्याचं प्रयोजन विचारलं, तेव्हा कळलं की त्याला मामांच्याच आडनावाच्या, पलीकडच्या वाड्यावरच्या एका ट्रकमालकाकडे जायचं होतं. "अरे मग सांगलें कित्याक ना?" मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या. तो बिचारा म्हणाला, "माका कोणी इचारूकच नाय, मगे मी तरी काय सांगतलय?" मामा स्वतः त्याला घेऊन सुर्लाला गेले आणि जुन्या ओळखीवर त्याला ट्रकवर लावून आले. तो पाळीतच राहिला आणि मामांचा सर्वांत निष्ठावान श्रोता झाला.

मामांकडे जायचं तर हातात वेळ आणि पोटात थोडं काहीतरी घेऊन जावं लागे. मी डिचोलीला मामलेदार कचेरीत कारकून. रविवारी आम्ही दोघं पाळीला जायचो. मामा अंगणातच उभे राहून विचारत, प्रकृती बरी? बरी. वडील बरे? बरे. पेडण्याचं घर बरं? बरं. पाऊसपाणी? वाट? बस? या सगळ्याला 'बरं' हेच उत्तर द्यायचं असे. वडिलांना ताप असला तरी बरे, बस वाटेत बंद पडलेली असली तरी बरी. ओमानातल्या त्या गावात म्हणे चांगल्या माणसाची रीत अशीच. आधी सगळं क्षेम सांगायचं, मग बसायचं, खजूर खायचा, कहवा प्यायचा, आणि मग काय खरं-खोटं असेल ते बोलायचं. दारातल्या दारात दुःख ओतणं हे त्यांच्या दृष्टीने ओले पाय घेऊन देवघरात शिरण्यासारखं होतं. एकदा शेजारचा शेतकरी धापा टाकत आला. मामांची म्हैस त्याच्या मिरच्यांच्या वाफ्यात शिरली होती.

"अरे, तुमची म्हस..." त्याने सुरुवात केली.

"पयलीं बस. घरची मंडळी बरी?"

"बरी. पूण तुमची म्हस..."

"गोरवां बरीं?"

"म्हजीं बरीं, पूण तुमचें गोरूं..."

"बरीं न्ही? मागीर बस कसो!" मामांनी त्याला हाताला धरून बसवलं, खजूर पुढे केला, कहवा ओतला. तो शेतकरीही आता या देशाचा नागरिक झालेला असल्याने त्याला उठून जाणं प्रशस्त वाटेना. पेला संपवून त्याने एकदाची म्हशीची बातमी सांगितली, तेव्हा ती म्हैस मिरच्या तुडवून, कंटाळून, स्वतःच घरी येऊन गोठ्यापुढे उभी होती. मामांनी नुकसानीपोटी त्याला स्वतःच्या वाफ्यातली रोपं दिली आणि जाताना सांगितलं, "पळय, बसलो म्हूण झगडें जालें ना."

कहव्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. मामा ती कॉफी स्वतः करत. स्वयंपाकघरात नाही, सोप्याच्या टोकाला तीन चिरे मांडून केलेल्या चुलीवर. बिया जेमतेम पिवळसर होईपर्यंत भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, भरपूर वेलची घालून उकळायच्या. दूध नाही, साखर नाही. खलबत्त्याचा ठोका म्हणे दूरवर ऐकू जायला हवा, कारण तो वाटसरूला बोलावणं असतो. पाळीत तो ऐकू आला की अर्धे वाटसरू वाट बदलत. पहिल्यांदा ती चव घेतल्यावर गावाचं एकमत झालं की हा कसाय, म्हणजे काढा आहे. मामी तर म्हणायच्या, "ताप आयल्यार पितात तें हें. बऱ्या मनशान कित्याक पियेवप?" त्यांनी स्वतः तो कधी तोंडाला लावला नाही. चोचीसारख्या तोटीची पितळी किटली डाव्या हातात, बिनकानाचे इवलेसे पेले उजव्या हातात, असे मामा पाहुण्यांच्या रांगेपुढून वाकून जात, तेव्हा मामी आतून भांडी जरा जास्तच जोरात आपटत.

त्या पेल्याचीही एक मेख होती. रिकामा पेला नुसता परत दिला तर तो पुन्हा भरला जाई. नको असेल तर बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचा. हे ज्याला ठाऊक नाही त्याची धडगत नसे. पूजा सांगायला आलेले नवे भटजी भिडस्त. ते पीत गेले आणि मामा ओतत गेले. "पुरे" म्हणून उपयोग नव्हता, कारण 'पुरे' हा मामांच्या मते पाहुण्याचा संकोच होता. त्या दिवशी भटजींनी पूजा अशा वेगाने सांगितली की आरतीचं तबक अजून घासायचं बाकी असताना ते आशीर्वादापर्यंत पोचले होते. पुढच्या वर्षी ते आल्या आल्या अंगणातूनच रिकामा हात डावी-उजवीकडे हलवत आले.

शुक्रवारी रजा काढून म्हापशाच्या बाजारात मामांबरोबर जाणं ही एक परीक्षा असे. दर चार पावलांवर त्यांना कुठलातरी अरबी शब्द भेटे. दुकान अरबांचं, हलवा अरबांचा, तारीख त्यांची, खबर त्यांची, हवा पण त्यांचीच. हलवेवाल्यापुढे उभं राहून ते त्याला तो काय विकतो आहे हे समजावत आणि मागची गिऱ्हाइकं कुरकुरत. माझ्यावर तर त्यांनी एकदा कायमचा विजय मिळवला. मी जरा शिष्टपणाने म्हणालो, "मामा, शब्द काय, इकडून तिकडे जायचेच." मामा थांबले. पिशवी खाली ठेवली. "जावयबापू, तुमी खंय काम करतात? तालुक्याच्या कचेरींत. तालुको कोणाचो? अरबांचो. अर्ज, दाखलो, हुकूम, मुदत, नक्कल? सगळें थंयचें. तुमची नोकरीच अरबी. हांव परत आयलों, तुमी अजून थंयच आसात." सोमवारी कचेरीत पहिला अर्ज हातात घेतला तेव्हा मला उगाच कमरेला कट्यार असल्यासारखं वाटलं.

पण मामांचा खरा दरबार भरायचा तो दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमाराला. पाळी पाळीने येणारे ट्रक रस्त्यावरून धूळ उडवत जात, आणि इकडे सोप्यावर वाळवंट सुरू होई. म्हाताऱ्याने सांगितलेल्या गोष्टी मामा सांगत. जिनांच्या गोष्टी तर गावाला फार आवडत. जिनांनी म्हणे एका रात्रीत गावाभोवती मातीचा कोट बांधला. हे ऐकून तो दोडामार्गचा ड्रायव्हर म्हणाला, "एका रातीत? मगे तेका सुर्लाच्या खाणीर लावया, मामानु!" पण शेजारचे तात्या हे वयोवृद्ध गावकार, गावचे मानकरी; गावाच्या शिवेवर रात्री काठी टेकत फिरणाऱ्या राखणदार देवचाराला ते नेमाने विडी आणि रोट ठेवत. त्यांना हा मामला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. "तुजो तो जिन हांगा येवचो आसल्यार," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या देवचाराक विचारून येवचो पडटलो." मामांनीही तितक्याच गंभीरपणे सांगितलं की जिन हा रीतभात पाळणारा आहे, परवानगीशिवाय परक्या हद्दीत येणार नाही. मग दोघांनी मिळून ठरवलं की जिन आलाच तर त्याने पहिले तीन दिवस शिवेबाहेरच्या आंब्याखाली राहावं, देवचाराने त्याला का आलास म्हणून विचारू नये, आणि विड्या दोघांत वाटून घ्याव्यात. दोन देशांतला इतका सुबक करार मी कचेरीत कधी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र मामा वेगळ्या आवाजात सांगत. हात आवरून, डोळे किटलीकडे लावून. म्हाताऱ्याच्या वडिलांच्या काळची गोष्ट. दोन कुळांत वैर होतं, रक्त सांडलेलं होतं. एके दिवशी वैऱ्याच्या घरचा मनुष्य एकटाच यांच्या बैठकीत येऊन बसला. आल्या माणसाला कहवा द्यायचा म्हणून दिला. त्याने पेला घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. बैठकीतले बाकीचे हातातले पेले तसेच धरून राहिले. कारण त्या लोकांत पाहुण्याने भरलेला पेला खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच, की माझं मागणं आहे, आणि ते मिळाल्याशिवाय मी तुमच्या घरचा घोट घेणार नाही. आणि अब्रूदार यजमानाने काय मागतोस हे ऐकायच्या आधीच म्हणायचं असतं, 'पी. दिलं.' म्हाताऱ्याच्या वडिलांचा भाऊ त्या वैरात गेला होता. त्यांनी बराच वेळ त्या पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पी, दिलं. त्याने सलोखा मागितला. तो त्यांनी दिला आणि मरेपर्यंत पाळला. इथे आल्यावर मामांचा आवाज दरवेळी भरून येई, तात्या नाक शिंकरत, आणि नेमक्या त्याच क्षणी आतून मामींचा आवाज येई, "इतलो वेळ दवरल्यार निवतली न्ही ती काफी! आनी ह्या गजालींनी पोट भरता जाल्यार सांगात, हांव रांदपाचें सोडटां." सगळे हसत. मामाही हसत, पण त्यांचा चेहरा किंचित उतरे. जाताना मला एकदा हळूच म्हणाले, "सगल्या गांवान आयकलें, जावयबापू. घरांत मात्र कोण आयकना."

वर्ष गेलं. खजूर पिकायच्या हंगामाआधी साखळी गावचा एक मनुष्य तिकडून सुट्टीवर आला. तो म्हाताऱ्याच्याच गावात कामाला होता. त्याने निरोप आणला. टँकर उभा आहे, नवा ड्रायव्हर टिकला नाही, म्हाताऱ्याला आता नीट दिसत नाही आणि तो रोज संध्याकाळी विचारतो, माझा हिंदी माणूस कधी येतो? मामांनी निरोप ऐकला, त्या माणसाला खजूर-कहवा दिला, बसपर्यंत पोचवलं, आणि नंतर दोन दिवस कहव्याची चूल पेटवली नाही. सोप्यावरची मंडळी आली, बसली, एकमेकांना 'बरं, बरं' म्हणाली आणि उठून गेली. तिसऱ्या दिवशी मामांनी माळ्यावरून ट्रंक काढली.

खरं सांगतो, मला मामांचा राग आला. माझ्या बायकोने तर रडून घेतलं. वाळपईहून मुलगी आली, बापाचे कपडे घडी घालत बसली. लहानपणापासून जाणाऱ्या बापाचे कपडे घडी घालायचीच तिला सवय होती. मामी मात्र नेहमीसारख्याच. त्यांनी म्हाताऱ्यासाठी काजू भाजले, कोकमाची सोलं बांधली, गुळाची ढेप पोत्यात गुंडाळली. "म्हाताऱ्याक दात आसात मरे, काजू खावपाक?" एवढंच काय ते विचारलं. मामांनी सांगितलं, समोरचे आहेत. मग मामींनी थोडे काजू कुटून वेगळे बांधले. हे पाहून मला मामांचा आलेला राग आणखीच वाढला.

निघायच्या दिवशी दुपारच्या बसने म्हापशाला आणि तिथून मुंबईच्या गाडीला, असा बेत होता. सगळा सोपा भरला. तात्या आले, मिरच्यांचा शेतकरी आला, ड्रायव्हर ट्रक रस्त्याकडेला लावून आला. मामांनी शेवटचा कहवा केला. पांढरा सदरा घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती, आणि किटली घेऊन ते रांगेपुढून जाऊ लागले. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. पदराला हात पुसले आणि सरळ चटईवर, ड्रायव्हर आणि तात्या यांच्यामध्ये, येऊन बसल्या. त्या घरात इतके महिने कहवा होत होता, पण मामी त्या चटईवर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तात्या लगबगीने सरकले. मामांना काय करावं सुचेना. पण पाहुण्यांच्या रांगेत जो बसला त्याला द्यायचं, एवढं हाताला ठाऊक होतं. त्यांनी पेला भरला आणि पुढे केला.

मामींनी तो उजव्या हाताने घेतला. क्षणभर धरला. आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. तात्यांचा हात तोंडाशी गेला. ड्रायव्हरने डोक्यावरचा रुमाल काढला. आत उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीने दाराची चौकट धरली. पाळीसारख्या गावात, खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर, त्या क्षणी प्रत्येकाला त्या पेल्याचा अर्थ ठाऊक होता, आणि तो मामांनीच शिकवलेला होता. मी मामांकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या बागेतली खोली, संध्याकाळची चटई, दिसेनाशा डोळ्यांनी वाट पाहणारा तो माणूस, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला स्पष्ट दिसलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना तिथे जायचं होतं. मनापासून जायचं होतं. मामी काय मागणार हे न कळण्याइतके ते खुळे नव्हते.

किटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "पी. जें मागतली तें दिलें."

"वचूं नाकात," मामी म्हणाल्या.

बस्स, जाऊ नका एवढंच. इतक्या वर्षांत साचलेलं दुसरं काहीही त्या बोलल्या नाहीत. मग पेला उचलला आणि एका दमात प्यायल्या. "देवा रे, कितली कोडू!" असं म्हणून त्यांनी जे तोंड केलं ते पाहून ड्रायव्हर फिस्सकन हसला, मग तात्या हसले, मग सगळा सोपाच हसत सुटला, आणि त्या गलबल्यात मामा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. वळणावर बसचा हॉर्न वाजला. मुलगी सवयीने ट्रंकेकडे धावली. "रावं दी गो," मामा म्हणाले, "बस वचूं दी." बस आमच्या समोरून गेली आणि तिची धूळ बराच वेळ अंगणात रेंगाळली. तात्यांनी घसा खाकरून मामांनी दिलेला शब्द जाहीर केला, "उतर दिलां. आतां गांव साक्षी आसा."

काजू आणि गूळ साखळीच्या माणसाबरोबर गेले, आणि काय घडलं तेही. मामांना फार लागून राहिलं होतं. म्हातारा काय म्हणेल? बायकोच्या एका शब्दावर फिरला म्हणून हसेल की आपल्याला टाकलं म्हणून रुसेल? सहा-सात महिने ते या काळजीत होते, दरबारातही लक्ष नसायचं. मग साखळीचा मनुष्य पुन्हा आला. सगळं 'बरं, बरं' झाल्यावर, खजूर खाऊन झाल्यावर त्याने सांगितलं. म्हाताऱ्याने सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. "आनी मागीर ताणें इतलेंच विचारलें," तो मनुष्य म्हणाला, "ते बायलेन मागीर काफी पियेली काय ना? हांवें म्हणलें, पियेली. तर म्हणपाक लागलो, मागीर सांगपाक कांय उरलें ना. खोली ताचीच आसा. पूण येवचें जाल्यार दोगांनीय येवचें."

दोघं कधी गेली नाहीत. जायचं जायचं म्हणताना म्हातारा गेला. ती बातमी आली त्या दिवशी मामींनी सुतक असल्याप्रमाणे आपणहून फोडणी दिली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मामा पाळीतच होते. त्यांच्या तोंडी 'सध्या' हा शब्द पुन्हा आला नाही. समाधानी होते, मी खात्रीने सांगतो. पण एखाद्या दिवशी कडक उन्हात लाल माळाकडे पाहत ते इतके स्तब्ध होत, की मामी तिथून जाताना मुद्दाम पावलांचा आवाज करत. मामा गेले त्यालाही आता बराच काळ लोटला. खाणी बंद पडल्या, रस्त्यावरची धूळ बसली, सोप्यावरची बहुतेक मंडळी एकेक करून गेली.

ओमान मात्र अजून तिथेच आहे. आता तो मामी चालवतात. त्यांचं ते चालवणं मामांना मुळीच पटलं नसतं. त्यांच्या सांगण्यात खजुराच्या बागेचं पोफळींचं कुळागर झालं आहे, त्याच्या पाटातून पाणी खळखळतं, आणि तो अरब म्हातारा दुपारी बांगड्याचं हुमण आणि उकड्या तांदळाचा भात जेवतो. जिन आणि देवचार तर साडू झाले आहेत. आम्ही कुणी चूक दाखवत नाही. जो दाखवू शकला असता त्याची फार आठवण येते, आणि ती अशा चुकीच्या जागीच जास्त येते.

गेल्या रविवारी माझी नात त्यांच्याजवळ बसली होती. मामी तिला सांगत होत्या, "थंय, त्या गांवांत एक मनीस आसलो. आमच्या पाळयेचो. पाण्याची गाडी चलयतालो. सगल्यांक ताची माया. म्हाताऱ्याची तर खूब." मामी थांबल्या. नातीने त्यांचा हात हलवला.

"मागीर?"

"मागीर कितें," मामी म्हणाल्या. "मागीर तो घरा आयलो."